बावीस मिनिटं

"निघालास का रे?" मंदाताईंनी फोनवर विचारलं.

"आई, मीटिंग आहे गं. व्हँकुव्हर ते मिरज, बावीस मिनिटांचा तर प्रश्न! उद्या येतो."

"डॉक्टर म्हणतात, बाबा संध्याकाळ काढणार नाहीत."

"मागच्या वेळीही असंच म्हणाले होते."

हा उद्या सहा वर्षं चालला होता. पूर्वी विमानं बदलत दोन दिवस प्रवास करावा लागे, तेव्हा हेमंत दरवर्षी यायचा, महिनाभर राहायचा. आता नवी विमानं बावीस मिनिटांत पोचवतात; मंडईतून मेथीची जुडी आणायला याहून जास्त वेळ लागतो म्हटल्यावर घाई कसली?

आत भालचंद्रराव ओठ घट्ट मिटून पडले होते. शेवटचं पाणी हेमंतच्याच हातून, असा त्यांचा हट्ट. सकाळपासून चमचा तीनदा परत गेला होता.

"आला?" त्यांनी विचारलं. "झाली असतील की बावीस मिनिटं."

मंदाताईंनी पदरानं त्यांचं कपाळ टिपलं. "अहो, ती विमानं बंद पडलीत. सगळीच. जुन्या विमानानं निघालाय तो. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस?" त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. "म्हणजे निघालाय! एवढ्या लांबून धडपडत येतंय पोर. वाटेत काही खाल्लं असेल ना गं?"

"खाल्लं असेल हो."

"मग दे तूच पाणी. तो तरी काय करणार बिचारा!"

पहिला चमचा त्यांनी घेतला. दुसऱ्याचं पाणी ओठांच्या कडेनं उशीवर ओघळलं.