महिनाअखेरपर्यंत

नोकरीवरून कमी केलेल्यांना काय काय मिळणार, हे समजावून सांगायला ऑफिसातल्या बाईंनी तिला केबिनमध्ये बसवलं. तीन महिन्यांचा पगार मिळेल, शिल्लक रजेचे पैसे मिळतील. "आणि आरोग्य विमा महिनाअखेरपर्यंत चालू राहील. तुमचा आणि आईचाही."

"आईचाही?"

"हो. तुम्ही इथे लागलात तेव्हापासून आहे की."

तिला मान वर करता येईना. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. आई चाचपडत चहा ओतायची, निम्मा ओट्यावर सांडायचा, आणि ही दरवेळी म्हणायची, "जरा हात मोकळा झाला की करू गं ऑपरेशन." विम्यात कोण कोण येतं, हे तिने कधी साधं विचारलंही नव्हतं.

नोकरी गेल्याचं तिने घरी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात आईला ऑपरेशनला नेलं. आई डॉक्टरांना कौतुकाने सांगत होती, "लेकीच्या ऑफिसातून होतंय सगळं. माझ्यासाठी फार धडपडते हो ती." धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. आई बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

 

"किती ओढलंय गं तोंड तुझं. साहेबांना सांग, महिनाभर तरी मला घरी बसू द्या म्हणावं."