म्हसोबाचा ओटा
सत्तावन्न साली पिंपरीला एका कारखान्याचा पाया खणत होते, तिथे मी मुकादम होतो. विजेचा हातोडा चालवताना रबरी बूट काढायचे नाहीत आणि ओल्यात उभं राहायचं नाही, हे मी सावळारामला रोज बजावायचो. त्या दिवशी त्याच्याच गावच्या म्हसोबाचा ओटा फोडायचा होता. त्याने खाली बूट काढून ठेवले, दगडावर तांब्याभर पाणी घातलं आणि तो अनवाणी वर चढला. “अरे, देव कालच हलवला, आता नुसता दगड आहे,” मी ओरडलो. “जागा त्याचीच हाय,” म्हणत त्याने बटण दाबलं. हातोड्यात वीज उतरली आणि तो जागीच गेला. तेरावं झाल्यावर त्याचा धाकटा भाऊ तेच बूट घालून कामावर आला. ओटा तसाच होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली, बूट काढले आणि तांब्या मागितला.