फायनलला ड्रॉ नसतो

फायनल सुरू व्हायला जेमतेम काही मिनिटं असताना नझीरने आपला अंदाज ग्रुपवर टाकला. ‘ड्रॉ.’

विल्फ्रेडने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तो बसला होता नझीरच्याच सोफ्यावर, आखातातल्या हमद टाउनमधल्या घरात, आणि नझीर त्याच्यापासून हातभर अंतरावर टीव्हीचा आवाज वाढवत होता. लुधियाना विरुद्ध मंगळूर. खेळाडू मैदानावर रांगेत उभे होते.

“नझीर, फायनलला ड्रॉ नसतो,” विल्फ्रेड म्हणाला. “बरोबरी झाली तर शूटआउट होतं.”

“हो काय? राहिलं नाही लक्षात.”

चिपळूणच्या शाळेत चार वर्षं हॉकीत सेंटर हाफ खेळलेला माणूस हे म्हणत होता.

या खेळाला सगळे ‘पूल’ म्हणत. हॉकी लीग सुरू झाली की आठ मित्रांनी प्रत्येक मॅच कोण जिंकणार ते आधी सांगायचं, गुण विल्फ्रेडने मांडायचे, आणि सीझनअखेर जो सगळ्यात वर असेल त्याच्या हॉलमध्ये वर्षभर एक जुनी हॉकी स्टिक लागायची. पैसे लावायला नझीरने पहिल्याच वर्षी नकार दिला होता. पण त्या स्टिकवरून जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरूनही झाली नसती. सध्या ती नझीरच्या टीव्हीवर टांगलेली होती. विल्फ्रेडच्या माहूजमधल्या फ्लॅटमध्ये ती कधीच आली नव्हती. आता फ्लॅटही राहिला नव्हता. कंपनीने काँट्रॅक्ट वाढवलं नाही, सामान कार्गोने पुढे वसईच्या घरी गेलं होतं, आणि गुरुवारचं तिकीट काढून झालं होतं.

विल्फ्रेड मोबाइलवर मागे मागे जात राहिला. अर्शद, जो कधी पाच मिनिटं उशीर करत नसे, तो लागोपाठ दोन मॅचेसचा अंदाज पाठवायला विसरला होता. दुसऱ्या एकाने तळाच्या टीमवर भरवसा टाकला होता. पंधरवड्यात विल्फ्रेड पाचव्या नंबरावरून पहिल्या नंबरावरच्या नझीरच्या बरोबरीला आला होता. आपलं नशीब उघडलं असं त्याने घरी बोलूनही दाखवलं होतं. त्याची बायको, मॅगी, तेव्हा भांडी घासत राहिली होती.

त्याने मॅगीकडे पाहिलं. ती बशीतले शेंगदाणे उगाच निवडू लागली.

“तुला माहीत होतं.”

उत्तर नझीरच्या बायकोने, रशीदाने दिलं. सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं, तिने सांगितलं. विल्फीभाईंनी इतकी वर्षं सगळ्यांचे गुण मांडले, जाताना स्टिक त्यांच्या हातात असावी, एवढंच. पलीकडे बसलेल्या अर्शदने तिच्या बोलण्याला जोड दिली, की यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, प्रेमापोटी केलं.

“कंपनीने जाताना घड्याळ दिलं,” विल्फ्रेड म्हणाला. “ते मी मुकाट्याने घेतलं. फोटोला हसलो पण. तुमच्याकडून नाही घेणार.”

“माझा अंदाज आहे,” नझीर म्हणाला. “मी काय पण टाकीन.”

“टाक ना.”

विल्फ्रेडने स्वतःचा ‘मंगळूर’ डिलीट केला आणि तिथे ‘ड्रॉ’ लिहिलं. कुणाला लगेच कळलं नाही. अर्शदला आधी कळलं. वरचे दोघे बरोबरीत राहिले तर स्टिक आहे तिथेच राहायची, हा पूलचा नियम होता. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, हा वेडेपणा आहे, अशाने तर तुला मिळण्याचा काही चान्सच नाही.

“शिट्टी वाजेपर्यंत बदलता येतं,” विल्फ्रेड नझीरला म्हणाला. “खरा टाक. मग मी बदलतो. नाहीतर लटकू दे ती तिथेच.”

पंच मैदानाच्या मधोमध आला होता. नझीर टीव्हीकडे बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, ते शिवीसारखं होतं. मग त्याने मोबाइल उचलला. ‘लुधियाना’. विल्फ्रेडने खाली ‘मंगळूर’ टाकलं. शिट्टी झाली.

पहिला अर्धा वेळ नझीर पाहुण्यासारखा बसला. लुधियानाचा गोल झाला तेव्हा त्याने फक्त पाय हलवला. मंगळूरने फेडला तेव्हा विल्फ्रेडने त्याच्या मांडीवर अशी थाप मारली की तो कळवळला. त्यानंतर मात्र तो सोफ्याच्या कडेला सरकला. लुधियानाने दुसरा मारला तेव्हा तो उभाच राहिला आणि पुन्हा बसला नाही. कबाब थंड झाले. दोघेही पंचाला शिव्या घालत होते, एकमेकांच्या उलट कारणांसाठी.

शेवटच्या मिनिटात मंगळूरला पेनल्टी कॉर्नर मिळाला. फटका जोरात होता, पण गोलकीपरच्या पॅडला लागून बॉल बाहेर गेला. नझीर टीव्हीच्या पुढ्यात आला आणि विल्फ्रेडच्या तोंडासमोर हात नाचवत ओरडला.

“खलास. जा आता वसईला.”

महिनाभर या माणसांपैकी कुणीही विल्फ्रेडसमोर वसईचं नाव काढलं नव्हतं. रशीदाने तोंडावर हात ठेवला. नझीरचा हात हवेतच राहिला.

विल्फ्रेडने मान वाकडी करून त्याच्या कमरेआडून स्क्रीन पाहिला. मंगळूरने गोलकीपर बाहेर काढून त्याच्या जागी आणखी एक खेळाडू उतरवला होता. त्यांचे अकराच्या अकरा जण पुढे धावत होते.

“बाजूला हो,” तो म्हणाला. “अर्धं मिनिट आहे अजून.”