वास नाही

तिने ग्लासात नाक घातलं आणि काहीच आलं नाही.

ग्लास हलवला, तळहाताने झाकला, परत हुंगलं. पेल एल जातीची बिअर सोनेरी होती, फेस दाट होता, दिसायला नवरी. वास मात्र शून्य.

बिअरच्या स्पर्धेत या टेबलावर तिघं परीक्षक होते. मुख्य परीक्षक, एक बारवाला आणि ती. बारवाला तिला नकटी म्हणायचा, तोंडावर. बसक्या नाकाची बाई वासावरून बिअर पारखते याचं त्याला फार हसू यायचं. मधे ताप आला आणि ते बसकं नाक बसलंच. कांदा चिरताना डोळे वाहायचे, नाकाला पत्ता नसायचा. हळूहळू वास परत आले. सगळे आले का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तापानंतर आज ती पहिल्यांदाच इथे बसली होती. नाक गेलेल्या परीक्षकाला या खुर्चीवर कुणी ठेवत नाही.

या टेबलाचा नियम साधा होता. तिघांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, भुवईसुद्धा हलवायची नाही. कारण एकाने संत्रं म्हटलं की दुसऱ्याच्या नाकात संत्रं उगवतं. नियम मुख्य परीक्षकाने केला होता. मोडायचाही तोच.

“आहाहा!” तो म्हणाला. “संत्र्याची साल! अननस! हॉप्सची फुलं कशी उधळलीत बघा. सुवर्णपदक घ्या लिहून.”

बारवाल्याने घाईघाईने हुंगलं. “अननस तर आहेच. मागून थोडं लिंबूही येतंय.”

“बाई, तुम्हाला?”

“वास नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही. कडूपणा आहे, चांगला आहे, जिभेवर टिकतो. पण हॉप्सची सगळी फुलं उकळीतच टाकलेली दिसतात. वास गेला वाफेबरोबर. नंतर थंड बिअरमध्ये टाकायची ती टाकलेलीच नाहीत.”

मुख्य परीक्षक हसला. त्या हसण्यात दया होती आणि तीच तिला झोंबली.

“तापातून उठलात बाई. होतं असं. मी संत्रं लिहितो, तुम्ही खाली सही करा. तुमच्या नाकाचं या टेबलाबाहेर कुणाला कळणार नाही. माझा शब्द.”

पदकाला तिघांची सही लागायची. त्याने कागद तिच्याकडे सरकवला, वर पेन ठेवलं.

बारवाला तिच्या कानाशी वाकला. “नकटे, करून टाक ना. एका संत्र्याने काय आभाळ कोसळतंय? खुर्ची तरी राहील.”

तिने पेन उचललं नाही. बाही वर सरकवली आणि कोपराच्या खळगीत नाक खुपसलं. दिवसभर हुंगून नाक बधिर झालं की सगळे परीक्षक हेच करतात. घटकाभर स्वतःच्या कातडीवर येऊन थांबतात.

आधी साबण आला. साबणाखाली घाम. आणि घामाखाली, अगदी पुसट, दुधाचा आंबूस वास. सकाळी निघताना नातीला या हातावर घेतलं होतं. पोरीने नेहमीसारखं थोडं दूध ओकलं होतं.

इतका पुसट वासही येतोय, म्हणजे नाक शाबूत होतं. मग तिने मान वर केली आणि समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं. इतका वेळ ती फक्त ग्लासाकडेच पाहत होती.

त्याच्या झुपकेदार मिशांच्या टोकांना आधीच्या ग्लासाचा फेस वाळून चिकटला होता. तो आधीचा ग्लास म्हणजे हॉप्सचा नुसता दंगा होता. संत्रं, अननस, सगळी फळबाग.

“साहेब, मिशी धुऊन या.”

“काय?”

“मिशी. संत्रं तिथे आहे. ग्लासात नाही.”

त्याचा चेहरा लाल झाला. “उगाच नाकाने कांदे सोलू नका! मी या खुर्चीवर बसलो तेव्हा तुम्हाला बिअर कशाशी खातात ते…”

“तेव्हापासून धुतली नसेल. आज धुवा.”

बारवाल्याला खोकला आला. तो खोकला नव्हता.

“पुढच्या वर्षी तुम्ही या टेबलावर नसाल, बाई. लिहून घ्या.”

“नसेन. आज आहे.” तिने पेन उचललं, त्याच्या संत्र्यावर आडवी रेघ मारली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: वास नाही. त्याखाली सही केली आणि कागद परत सरकवला. “हे माझं. तुम्हाला पटलं तर तुमची सही. नाही पटलं तर फाडा, मी दुसऱ्या कागदावर हेच लिहीन.”

तो काहीतरी बोलायला गेला. रागाच्या भरात त्याने तर्जनीने मिशी पुसली. जन्माची सवय, बोट आपसूक नाकाशी गेलं.

आणि तिथेच राहिलं.

त्याने ग्लासाकडे पाहिलं. बोटाकडे पाहिलं. मग खुर्ची मागे ढकलून उठला.

“मला एक फोन करायचाय,” तो म्हणाला आणि कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या बेसिनकडे गेला.

बारवाल्याने पेल एल पुन्हा उचलली आणि नकटीकडे पाठ करून हुंगली. बराच वेळ हुंगली.

तिकडून नळाचा आवाज येत राहिला. फोन चांगलाच लांबला.