खूण खुणेवर
घटस्फोटात डिझेलची जुनी जीप बायकोच्या वाट्याला आली. ती न्यायला आली, तेव्हा तो अंगणात बॉनेट उघडून टायमिंग बेल्ट बदलत होता. “गॅरेजला टाकली असती की मी.” “वाटेत बेल्ट तुटला तर इंजिन कामातून जाईल. घाटात एकटी काय करशील?” एरवी त्याच्या किचकटपणावर तिने तोंडसुख घेतलं असतं, पण भांडून भांडून दोघंही थकली होती. वरची पुली स्प्रिंगच्या जोराने सारखी मागे सरकत होती, तिच्यावरची खूण इंजिनावरच्या खुणेवर बसेना. तिने बाह्या सरसावल्या आणि पान्याने पुली धरून ठेवली. त्याने नवा बेल्ट चढवला, ताणला, नट आवळला. आता धरायची गरज नव्हती. तरी तो आवळलेलाच नट पुन्हा चाचपत राहिला. “हात भरून आला रे. सोडू?” त्याने तिच्या ग्रीसने माखलेल्या बोटांकडे पाहिलं. “सोड,” तो म्हणाला.