सुईत काही निघालं नाही

नीलव्वानं आज सारात मुद्दाम तिप्पट मीठ घातलं होतं. ईरण्णानं पहिला घास घेतला, कसाबसा गिळला आणि आईकडे न बघताच म्हणाला, "सार झकास झालंय, अव्वा."

सून सुवर्णा त्याच्याही वरताण. तिनं पळीभर आणखी वाढून घेतलं, "अत्तींच्या हाताची चवच न्यारी," म्हणाली आणि तांब्याभर पाणी प्याली. आता बोला! लग्न होऊन तीन वर्षं झाली, सासूच्या एका पदार्थाला या बाईनं कधी बरं म्हटलं नव्हतं.

नीलव्वा ओट्याला टेकून दोघांची तोंडं बघत होती. खारट सार ज्यांना गोड लागतं, ते रिपोर्ट काय खरा सांगणार? तिच्या मानेवर, डाव्या कानाखाली, सुपारीएवढी गाठ होती. हुबळीच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा सुई टोचून तपासली, आणि दोन्ही वेळा ईरण्णानं बाहेर येऊन एकच सांगितलं, "सुईत काही निघालं नाही, अव्वा." पहिल्या वेळी तिनं बसवण्णाच्या देवळात साखर वाटली होती. आणि आता म्हणे ऑपरेशन.

"काही निघालंच नाही, तर कापायचं काय? माझं डोकं?"

"साधी गाठ आहे अव्वा. काढून टाकली की सुटलीस."

"साध्या गाठीसाठी तुझा मामा बागलकोटहून डाळिंबं घेऊन आला होय रे? पाच वर्षांत माझ्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता त्यानं."

ईरण्णा रोट्टी कुस्करत बसला. "उद्याची वेळ दिलीय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय त्यांना."

"कळव की. म्हणावं, म्हातारी अजून फसत नाही."

एवढ्यात गुरुसिद्दप्पा दुकानातून आला. हातपाय धुऊन नेहमीच्या जागी जेवायला बसला. नीलव्वानं नवऱ्यालाही तेच सार वाढलं. हाही गोड बोलला तर मग संपलंच सगळं.

त्यानं एक घास घेतला आणि ताट पुढे ढकललं.

"मिठाचं पोतं उपडं केलंस काय यात? बैल तोंड लावायचा नाही!"

"अप्पा, अहो अप्पा," ईरण्णा कुजबुजला. सुवर्णानं डोळ्यांनी खुणावलं. म्हाताऱ्याचं लक्ष असेल तर ना!

"जेवायला घालतेस का मारतेस मला?"

नीलव्वाच्या जिवात जीव आला. महिनाभरात या घरात तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. ती पाट ओढून त्याच्यासमोर बसली.

"अहो, तुम्ही सांगा. सुईत काय निघालं?"

"काही नाही."

"म्हणजे तुम्हीही त्यांतलेच."

"अगं, काही निघालं नाही म्हणजे आत काही नाही असं नव्हे. सुईतून आला तो कण पुरला नाही त्यांना. दोन्ही वेळा. बाई मला म्हणाल्या, आजोबा, मलाच कळत नाहीये. अख्खी गाठ काढून तपासली तरच कळेल."

"काय असेल?"

"टीबी असेल. नुसती सूज असेल. नाहीतर ते."

"ते म्हणजे काय? नाव घ्या."

"कॅन्सर."

सुवर्णाच्या हातातली पळी खाली पडली. महिनाभर सगळे त्या शब्दाला वळसा घालून चालत होते. नीलव्वाला मात्र बरं वाटलं. कुणीतरी एकदाचं खरं बोललं होतं.

तरी संशय असा एका शब्दानं जातो थोडाच!

"आणि गळ्यातलं इष्टलिंग? ऑपरेशनच्या वेळी गळ्यातलं सगळं उतरवायला लावतात. माझ्या अंगावरून ते आजवर उतरलेलं नाही."

"दंडाला बांधू देतात. विचारून आलोय मी."

"बांधणार कोण? ती नर्स?"

"मी बांधीन."

"मग तुमच्या गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगा. वाईट निघालं तर आधी मला सांगाल. या दोघांच्या आधी."

गुरुसिद्दप्पानं सदऱ्यातून लिंगाची चांदीची डबी बाहेर काढली, मुठीत धरली. "सांगीन."

"जाऊ मग उद्या. ईरण्णा, लाव रे फोन."

ईरण्णा फोन घेऊन बाहेर गेला. सुवर्णा पदरानं डोळे पुसायला लागली. म्हातारा मात्र बायकोकडेच बघत होता.

"आता तू धर हातात."

"मी? मी काय लपवलंय?"

"दसऱ्याला तुझ्या मानेला माझा हात लागला, तर चटका बसल्यासारखी सरकलीस. गाठीचं शिवरात्रीपर्यंत बोलली नाहीस. चार महिने पाठ करून झोपत होतीस. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

नीलव्वानं पदर मानेवर ओढून घेतला.

"दुखते का गं फार?" त्यानं विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "एकदाही दुखली नाही. न दुखणारी गाठच वाईट असते म्हणतात. म्हणूनच तर तुम्हाला सांगायला भ्याले."