रस्ता नसलेली जागा

"तिथपर्यंत रस्ता जातो का हो?" निवृत्त नर्सबाईंनी विचारलं.

"आज नाही, पण वर्षभरात डांबरी होणार बघा," जमिनीच्या दलालाने सवयीने ठोकून दिलं.

"मग माझ्या काही कामाची नाही." नर्सबाई उठल्याच.

दलाल चक्रावला. बाईंनी राहतं घर विकायला काढलं होतं, ते नदीकाठच्या शेवटच्या सतरा पाणमांजरांसाठी त्यांची दलदल विकत घ्यायला. रस्ता आला की पाणमांजरं संपलीच, हे आत्ता कुठे त्याच्या डोक्यात शिरलं.

"बसा हो ताई, खरं सांगतो. रस्ता सात जन्मांत होणार नाही. बारा महिने गुडघाभर चिखल. मोबाइलला रेंज नाही. आणि साप म्हणजे पाहुण्यांसारखे, न कळवता येतात."

"अगं बाई! इतकं सगळं चांगलं?"

"पण तुम्ही तिथे राहणार कशा?"

"मी कशाला राहू? मी भाड्याची खोली बघून ठेवलीय. मला रस्ता लागतो."

दुसऱ्या दिवशी एक रिसॉर्टवाला दुप्पट भाव घेऊन दलालासमोर येऊन बसला.

"साहेब, ती जागा कालच विकली गेली," दलाल म्हणाला.

खरं तर बाईंच्या घराला अजून गिऱ्हाईकसुद्धा मिळालं नव्हतं. तीस वर्षं दलाल जमिनी विकण्यासाठी खोटं बोलत आला होता. न विकण्यासाठी खोटं बोलायची ही पहिलीच वेळ, म्हणून त्याची जीभ जरा अडखळली.